टाच मारायची नोकरी

कपाशी उगवून वर आली की माझी बायको शोभा मला महिनाभर वावरात पाऊल टाकू देत नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं आणि जे काय सांगायचं ते तिथूनच सांगायचं, अशी सक्त ताकीद आहे. कारण साधं आहे. अठ्ठावीस वर्षं फौजेत गेली, त्यातली बरीचशी टाच आपटण्यात आणि दुसऱ्यांना आपटायला शिकवण्यात गेली. आता माझं पाऊल हळू पडतच नाही. मागच्या वर्षी मी कौतुकाने वावरातून एक चक्कर मारली, तर शोभाने माझ्या मागून मोडलेली रोपं वेचली आणि आणून माझ्या हातात दिली. "हे घ्या तुमची परेड," म्हणाली.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी नोकरीबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसलो होतो. लढाईचं लिहावं तर माझ्यापेक्षा जास्त पाहिलेली माणसं बाभुळगावच्याच बाजारात भाजी घेताना भेटतात. शेवटी शोभाच म्हणाली, "त्या घाटंजीच्या पोराचं लिहा ना. मनात ठेवून ठेवून कायले बसले?" तर त्याचंच लिहितो. पण आधी थोडं कामाबद्दल सांगायला हवं.

मी अकादमीत ड्रिलचा उस्ताद होतो. पदवी घेतलेली मुलं फौजेत अधिकारी व्हायचं म्हणून लेखी परीक्षा देतात, मग पाच दिवसांची मुलाखत असते, तिथे बहुतेक गळतात. उरलेल्यांची डॉक्टर तपासणी करतात, तिथे आणखी काही गळतात. त्यातूनही जे उरतात ते पेटी घेऊन अकादमीच्या फाटकात येतात आणि त्यांना वाटतं, झालं, आपण अधिकारी झालो. तिथे आम्ही उभे असतो. वर्ष-दीड वर्ष त्यांना पळवायचं, पोहायला लावायचं, नकाशा वाचायला आणि बंदूक चालवायला शिकवायचं, आणि चालायलाही शिकवायचं. हे चालणं माझ्या वाट्याला होतं. ज्या डांबरी मैदानावर हे शिकवतात त्याला ड्रिल स्क्वेअर म्हणतात. त्यावरून कोणी रमतगमत जात नाही. कॅडेट असो की उस्ताद, कवायत नसेल तर कडेने जायचं, आत पाय ठेवला तर पळतच पार करायचं. देवळात चप्पल घालून जावं तसं ते मानतात.

या कामातली गंमत अशी की, कॅडेटला उस्ताद 'साहब' म्हणतो. आज तो माझ्यासमोर घाम गाळतोय, पण पासिंग आउट झालं की त्याच्या खांद्यावर तारे लागतील आणि मी त्याला सलाम ठोकणार, हे दोघांनाही माहीत असतं. म्हणून शिव्यासुद्धा आदरार्थी असतात. "साहब, आपके घुटने में शादी का बैंड बज रहा है क्या?" असं मी रोज दहा जणांना विचारायचो. मी स्वतः बारावी नापास. माझ्यासमोर अभियंते, गणिताचे पदवीधर, एकदा तर वकील उभा होता, आणि सगळे माझ्या 'थम'वर थांबायचे. ही ऐट मी मनापासून उपभोगली, खोटं कशाला सांगू.

गिऱ्हाईकं एकेक न्यारी असायची. मोठ्या शहरातला एक अभियंता होता, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. हात खांद्याइतकाच का उचलायचा, वीस पावलांनीच का वळायचं. मी म्हटलं, "साहब, पहले कीजिए, कारण मैं पेन्शन के बाद चिट्ठी में भेजूँगा." त्याला हसू आलं आणि हसल्याबद्दल त्याने मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. दुसरा एक जण इतका हळू बोलायचा की त्याचा हुकूम पहिल्या रांगेलाच ऐकू जायचा, मागची रांग तशीच चालत राहायची. त्याला मी महिनाभर मैदानाच्या त्या टोकाला उभं केलं आणि या टोकाला मी पेपर वाचत बसलो. त्याच्या आवाजावर मान वर केली तर तो पास. पुढे तो रणगाड्यांच्या पलटणीत गेला. म्हणजे ओरडायची सवय कामी आली असेल.

आता माझ्या नियमाबद्दल. उस्ताद झालो त्या पहिल्याच वर्षी महाराष्ट्रातला एक कॅडेट मला मराठीत हळूच म्हणाला, "उस्ताद, आज ताप आहे, जरा सांभाळून घ्या." मातृभाषा ऐकून मी विरघळलो आणि त्याला सावलीत बसवलं. दुपारपर्यंत सगळ्या तुकडीला कळलं की या उस्तादाकडे गाववाल्यांसाठी वेगळा दर आहे. पुढचे तीन महिने माझ्या शब्दाला धार राहिली नाही. तेव्हापासून मी ठरवलं, मैदानावर मराठी बोलायचं नाही, आणि कोणत्या जिल्ह्याचा हे कोणाला सांगायचं नाही. माझी हिंदी अशी हरयाणवी वळणाची झाली की खुद्द हरयाणावाले मला आपल्यातला समजून माझा पाहुणचार करायचे.

निलेश डंभारे आला तेव्हा मी नायब सुभेदार होतो. यादीत नाव वाचलं, पुढे लिहिलं होतं, जिल्हा यवतमाळ. गाव घाटंजीजवळचं. बीएस्सी, सडपातळ, उन्हाने रापलेला. वडिलांची कोरडवाहू शेती, त्याने आधी शेतात आणि मग पुस्तकात घाम गाळलेला दिसत होता. छाती भरून आली. आमच्या भागातून शिपाई खूप जातात, मी त्यातलाच. अधिकारी व्हायला आलेला हा मी पाहिलेला पहिलाच. आणि मनात भरून आलेलं कोणाला दिसू नये म्हणून मी त्या दिवशी त्याला इतरांपेक्षा जास्त पळवलं.

पहिल्या सत्रात त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. पळून पळून असं बऱ्याच जणांचं होतं. तो सहा महिने मागच्या तुकडीत गेला. एकदा मागे पडणं चालतं. दुसऱ्यांदा मागे पडलेल्याला बहुधा पेटी भरायला सांगतात. तो परत मैदानावर उभा राहिला तेव्हा डॉक्टरांचा कागद सोबत होता, हाड जुळलंय, काही अडचण नाही.

पण टाच वाजत नव्हती. आमच्या कवायतीत थांबताना आणि वळताना गुडघा वर घेऊन पाय जमिनीवर आपटायचा असतो, टाच आधी. सगळ्या तुकडीचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. डंभारेचा गुडघा नीट वर जायचा, पाय खाली यायला लागायचा, आणि शेवटच्या वीतभर अंतरात तो कुणाला तरी सांभाळून घेतल्यासारखा अलगद टेकायचा. शिवाय चालताना त्याची पावलं एकाच रेषेत पडायची. अधिकारी म्हणाले, पायाची भीती बसली आहे. बाकीचे उस्ताद तेच म्हणाले. मीही मान डोलावली.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो डवऱ्यामागे चाललेला माणूस होता. कपाशी किंवा सोयाबीन वीतभर झालं की दोन ओळींच्या मधून बैलांचा डवरा चालवून तण काढतात. मागे चालणाऱ्याला पाय ठेवायला अरुंद पट्टी मिळते. दोन्ही बाजूंना कोवळी रोपं. तिथे लहानपणापासून जो चालला त्याचा पाय आधी जागा पाहतो, मग टेकतो. मीही पलटणीत भरती झालो तेव्हा असाच चालायचो, आणि माझ्या उस्तादाने माझी वर्षभर थट्टा केली होती. हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते त्याला सांगितलं नाही. सांगायचं तर आपल्या बोलीत सांगावं लागलं असतं, वावराचं नाव काढावं लागलं असतं, आणि माझा नियम मोडला असता. मी त्याला हिंदीत ओरडत राहिलो, "एड़ी, साहब, एड़ी." तो म्हणायचा, "जी उस्ताद." आणि पुन्हा अलगद.

पासिंग आउटच्या आधी शेवटची ड्रिल टेस्ट असते. प्रत्येकाने एकट्याने मैदानावर यायचं, चालायचं, वळायचं, थांबायचं, सलाम करायचा. तीन संधी मिळतात. पहिल्या वेळी तो नापास झाला, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या वेळी परीक्षक मी होतो. त्या दिवशी तो बराच सुधारला होता. चार वेळा टाच चांगली वाजली, एकदा हुकली. त्याच्या आधी तो कारणं विचारणारा अभियंता येऊन गेला होता, त्याचीही एकदाच हुकली होती, आणि मी त्याला पास केलं होतं. डंभारेच्या नावापुढे माझी पेन्सिल थांबली. कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्याचा म्हणून सोडला. असं म्हणणारं तिथे कोणीच नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. तरी मी 'नापास' लिहिलं.

दुपारी सुभेदार मेजर साहेबांनी यादी वाचली. हे आमचे वरिष्ठ, उंच, हरयाणाचे, कमी बोलायचे. म्हणाले, "यह डंभारे. एक मौका बाकी है. पहले भी एक बार पीछे गया है. इस बार गया तो घर." आणि यादी घडी करून खिशात टाकली. न्यायाने वागायचं म्हणून मी नियम केला होता, आणि त्याच नियमाने मी सगळ्यात मोठा अन्याय करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. पास झालेले कॅडेट गावात फिरायला गेलेले. मी साध्या कपड्यांत, हातात भाजीची पिशवी घेऊन मेसच्या मागून येत होतो. तिथल्या सिमेंटच्या रस्त्यावर डंभारे एकटाच सराव करत होता. चार पावलं, थांब. चार पावलं, थांब. आणि दर वेळी पाय खाली आणायच्या आधी त्याची नजर क्षणभर जमिनीकडे जायची. तिथे काही नव्हतं, नुसतं सिमेंट. तो रोप पाहत होता.

मी पिशवी खाली ठेवली.

"काहून रे, खाली काय पाहून राह्यला?"

तो ताठ झाला, मग माझ्याकडे बघत राहिला. त्याला आवाज ओळखीचा वाटला, बोली ओळखीची वाटली, आणि दोन्ही एकाच तोंडातून येतात हे पटेना.

"उस्ताद, तुमी कोठचे?"

"बाभुळगावचा."

"बाभुळगाव?" तो एक पाऊल जवळ आला. "मंग इतके दिवस बोलले काहून नाही?"

मी विचारलं, "डवऱ्यामांगं किती वर्षं चालला?"

"सातवीपासून. बाबा म्हणत, एक रोप मोडलं तं त्या जागी बोंडं येणार नाहीत वर्षभर. पाय टाकायच्या आधी पाहाची सवय लागली." मग त्याच्या लक्षात आलं. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "ते होय?"

"तेच होय. हाड-बिड काही नाही. मीबी असाच चालत होतो." मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. "आता आयक. हे सिमेंट हाये, तिकडं डांबर हाये. येथं काही पेरेल नाही. कोणाचं नुकसान होत नाही. हान टाच."

त्याने पाय उचलला आणि हाणला. मेसच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. तो हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हाणला. आम्ही तासभर तेच केलं. भाजी उन्हात कोमेजली आणि घरी शोभाची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. सोमवारी सकाळी मी सुभेदार मेजर साहेबांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की दुसऱ्या टेस्टमध्ये मी एकाच चुकीला दोन मापं लावली.

"क्यों?"

"मेरे ज़िले का है, साहब. इसलिए ज़्यादा कस दिया."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. यादी बदलायची सोय नव्हती, गेलेला कागद गेला होता. ते एवढंच म्हणाले, "तो तीसरा टेस्ट आप नहीं लेंगे. मैं लूँगा. और आप ग्राउंड पर दिखेंगे नहीं."

ही शिक्षा मला होती, पण भोगणार तो होता. सुभेदार मेजर साहेबांच्या हातून सहज पास झालेला कॅडेट मी पाहिला नव्हता. उद्या तो नापास झाला तर घाटंजीच्या बाजारात त्याच्या बापाला जो तो विचारणार, 'पोरगं परत आलं काहून?' आणि त्याचं खरं उत्तर बाभुळगावच्या एका माणसाकडे असणार.

टेस्टच्या दिवशी मी मैदानालगतच्या सामानाच्या खोलीत बसलो. खिडकी मैदानाकडे नव्हती. पट्टे मोजायचं नाटक करत होतो. पण उस्तादाला डोळे लागत नाहीत, कानच पुरतात. चालणं ऐकू आलं, पावलं सारखी, दमदार. वळण. टाच, खणखणीत. दुसरं वळण, टाच. मग बराच वेळ काही नाही, सलाम असणार. परत चालणं. आणि शेवटचं 'थम'. त्या 'थम' आणि टाचेच्या मधल्या पळभरात मी हातातला पट्टा घट्ट धरला. मग आवाज आला. एकच, स्वच्छ.

सुभेदार मेजर साहेब खोलीच्या दारात आले. "आपके ज़िले में," ते म्हणाले, "ज़मीन बहुत सख़्त है क्या?" आणि निघून गेले. मी त्या पट्ट्यांच्या ढिगाऱ्यावर बसून रडलो. आजही सांगायला लाज वाटत नाही.

पासिंग आउटला त्याचे आईवडील आले होते. वडिलांनी नवा सदरा घातला होता. परेड झाल्यावर आईबापांना मैदानावर बोलावतात, खांद्यावरचे झाकलेले तारे त्यांच्या हातून उघडे करतात. वडील त्या काळ्याभोर डांबरावर पावलं एका रेषेत, जपून जपून टाकत चालत आले. निलेश आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि नजर फिरवली, नाहीतर हसू फुटलं असतं. तारे उघडे झाले. मी चार पावलं पुढे झालो, टाच मारली आणि सलाम केला. "जय हिंद, साहब." वडील मला म्हणाले, "तुमी आमच्या तिकडचे म्हणते हा. त्याले सांभाळलं, लय उपकार झाले." मी नुसता वाकून नमस्कार केला. बोलायला तोंड होतं कुठे?

ही दुसऱ्या टेस्टची गोष्ट मी त्याला कितीतरी वर्षं सांगितली नाही. निवृत्त झालो, गावी आलो, विहारासमोरच्या पटांगणात भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना सकाळी शिकवायला लागलो. आता त्यात दोन मुली पदवीधर आहेत आणि अधिकारी व्हायच्या परीक्षेला बसल्या आहेत. निलेशचा दर दिवाळीला फोन येतो. आता मेजर आहे. फौजेने मला पोट भरायला दिलं, घर दिलं, माझ्या दोन्ही पोरांना शिकवलं, आणि बारावी नापास माणसाच्या सलामाला असे मोठे लोक मिळवून दिले. मी किती ऋणी आहे हे शब्दांत मांडता येत नाही. तरी ती एक पेन्सिलची खूण मनात टोचत होती.

यंदा पेरण्या झाल्यावर तो सुट्टीवर आला आणि मोटरसायकलवर बाभुळगावला आला. चहा झाल्यावर म्हणाला, "चला उस्ताद, वावर दाखवा." शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाहुणा आहे, आज माफी असावी. ती धुऱ्यावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. कपाशी वीतभर झाली होती. पहिल्याच ओळीपाशी मी थांबलो.

"साहेब," मी म्हटलं, "एक सांगाचं होतं. त्या दुसऱ्या टेस्टले तुमी पास होते. मीच तुमाले फेल केलं. जिल्ह्याचे म्हणून."

तो खाली वाकून एका रोपाची पानं पाहत होता. मान वर न करता म्हणाला, "मले माहीत हाये, उस्ताद. त्या इंजिनियरनं त्याच दिवशी सांगतलं होतं, आपली चूक सारखीच होती म्हणून."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोलणार होतो. रविवारी तेच ठरवून राह्यलो होतो, सोमवारी तक्रार देतो म्हणून." तो उभा राहिला. "तेवढ्यात तुमी भाजीची पिशवी घेऊन आले."

मग तो दोन ओळींच्या मधून पुढे निघाला, पावलं एका रेषेत, एकही पान न हलवता, जणू इतकी वर्षं त्याने टाच कधी मारलीच नव्हती. थोडं पुढे जाऊन वळला. मी अजून धुऱ्यावरच होतो.

"या ना उस्ताद," तो म्हणाला. "फक्त टाच उचला. येथं पेरेल हाये."

मी टाच उचलली आणि त्याच्या मागे चालू लागलो.